उकळून गार केलेलं पाणी

शालनला भाकरी थापता येईनाशी झाली, तेव्हा कुठं ती दवाखान्यात जायला तयार झाली. तळहातांवर उगवलेल्या त्या बारीक, टणक दाण्यांकडं तिनं वर्षानुवर्षं काणाडोळा केला होता. मोहरीएवढे दाणे, हातावरून हात फिरवला की खरखरीत लागायचे. आता त्यांतल्या दोन-तीन दाण्यांना चिरा पडल्या होत्या आणि ज्वारीचं पीठ गरम पाण्यात मळताना तिच्या डोळ्यांत टचकन पाणी यायचं. घरची भाकरी बंद झाली, खानावळीतली वातड चपाती ताटात आली आणि मग आकारामला बायकोच्या हातांची काळजी वाटू लागली. नवऱ्याच्या काळजीची वाट त्याच्या पोटातून जाते, हे कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत कुणाला नवं नाही.

तशी त्या दाण्यांची भीती दोघांनाही नव्हती. आकाराम गलाईवाला. बिहारात बक्सरच्या पुढं, गंगेकाठच्या एका बाजारगावात त्यानं बावीस वर्षं दुकान चालवलं होतं. सराफांकडचं जुनं, भेसळीचं सोनं आणायचं, आटवायचं, तेजाबात, म्हणजे ॲसिडात, उकळायचं आणि शुद्ध करून परत द्यायचं, हा गलाईचा धंदा. या धंद्यापायी आपल्याकडची कितीतरी घरं मुलूख सोडून देशभर पांगलेली आहेत. या लोकांत हातांवरचे डाग म्हणजे तेजाबाचे डाग, आणि ते लपवायचे नसतात, मिरवायचे असतात. मुलाचं, धैर्यशीलचं लग्न ठरवताना आकारामनं व्याह्यांपुढं आपले दोन्ही तळहात पसरले होते. “बघा, ह्यो बावीस वर्साचा धंदा हाय. पोराचं हात बी असंच हुतील,” असं तो म्हणाला आणि व्याही खूश झाले.

शालननं दुकानात कधी पाऊल टाकलं नव्हतं. पण नवऱ्याचे तेजाब उडालेले कपडे ती धुवायची, म्हणून तिच्याही हातांवर डाग आले, असं आकारामनं ठरवून टाकलं होतं. आकारामनं एकदा ठरवलं की त्यावर घरात चर्चा होत नसे. सात वर्षांपूर्वी दुकान मुलाच्या ताब्यात देऊन नवरा-बायको कोल्हापूरला परतले, तेव्हा हे डागही बरोबर आले. आता कपड्यांना तेजाब लागत नव्हतं, तरी दाणे वाढतच होते. हे कसं, असा प्रश्न दोघांपैकी एकाच्याही मनात आला नाही.

तो प्रश्न डॉक्टर इरावतींच्या मनात आला. कातडीच्या आजारांची ही डॉक्टरीण वयानं शालनच्या मुलाएवढी, बोलायला मऊ. त्यांनी शालनचे तळहात दिव्याखाली धरले, गळ्याखालचे काळे-पांढरे ठिपके पाहिले आणि म्हणाल्या, “मावशी, चप्पल काढा. पाय बघू.”

शालनच्या तळपायांवरही तसेच दाणे होते. टाचांपाशी तर त्यांचा थर झाला होता.

“तेजाब कपड्यांतून हाताला लागलं म्हणता. मग पायाला कसं लागलं?”

पायांच्या त्या खरखरीला शालन भेगा समजत आली होती. डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आकारामला आत बोलावलं आणि त्यालाही पायातलं काढायला लावलं. एवढा दांडगा माणूस, पण एका पायावर उभा राहून तळवा दाखवताना भिंतीचा आधार शोधू लागला. त्याच्याही तळपायांवर तेच होतं.

“तिकडं पाणी कुठलं पीत होता तुम्ही?” डॉक्टरांनी विचारलं.

पाण्याचं नाव निघताच आकाराम खुलला. “पानी एक नंबर, डॉक्टर. ही नवी नवरी हुती, तवा घरमालकाच्या वाड्यात एक उघडी इहीर हुती. त्यात बेडकं, पाला. ही रडायची, म्हणायची असलं पानी मी पिनार न्हाय. मग मी पदरचं पैसं घालून घरात चापाकल बसवला. चापाकल म्हंजे आपला हातपंप. गार, गोड पानी. काचंगत.”

“बादली पिवळी पडायची का?”

“पडायची की,” शालन म्हणाली. “चिंच लावून घासाय लागायची.”

डॉक्टरांनी आर्सेनिक असा शब्द उच्चारला. शालनच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही, तसा त्यांनी जुना शब्द वापरला. “सोमल.”

तो शब्द मात्र शालनला ठाऊक होता. लहानपणी थोरली माणसं आवाज खाली आणून सांगायची त्या गोष्टींत तो यायचा, अमक्याच्या घरात तमकीला सोमल घातला म्हणून. “आमच्यावर कुणी घातला?” तिनं विचारलं आणि नकळत नवऱ्याकडं पाहिलं.

“कुणी नाही घातला, मावशी. जमिनीतच आहे तो.” डॉक्टरांनी टेबलावरचा पाण्याचा पेला पुढं ओढला. “हिमालयातल्या दगडांत सोमल कणाकणानं असतोच. दगड झिजतात आणि नद्या तो गाळ खाली आणून टाकतात, हजारो वर्षं. त्या गाळाच्या कणांवर लोखंडाचा गंज असतो आणि सोमल त्या गंजाला धरून बसलेला असतो. तोपर्यंत काही बिघडत नाही. पण गाळाबरोबर पाला, गवत, मुळं गाडली जातात. ती कुजतात आणि कुजताना आजूबाजूची सगळी हवा खाऊन टाकतात. जिथं हवा नाही तिथं गंज विरघळतो, आणि त्याला धरून बसलेला सोमल पाण्यात सुटतो. तुमची बादली पिवळी करत होतं ते लोखंड. सोमल दिसत नाही. त्याला वास नाही, चवही नाही.”

पिठल्याची कढई करपली की शालन तिच्यात पाणी घालून ठेवायची. तासाभरानं बुडाला चिकटलेलं आपोआप सुटून पाण्यात यायचं. जमिनीच्या पोटात तसं होत असणार, एवढं तिला उमगलं.

“आन ती इहीर?” आकारामनं विचारलं.

“उघड्या विहिरीत हवा खेळते. तिथं गंज विरघळत नाही, त्यामुळं सोमल बहुतेक वेळा कमी असतो. बेडकांच्या पाण्यानं जुलाब झाले असते, हे झालं नसतं. हातपंपाची नळी नेमकी त्या बिनहवेच्या थरात जाते. प्रत्येक ठिकाणी असं असतं असं नाही. एका घरचा पंप चांगला आणि शेजारचा वाईट, असंही होतं. पाणी तपासल्याशिवाय कळत नाही.”

मग त्यांनी औषधं लिहून दिली, लघवीची आणि छातीची तपासणी सांगितली, कुठलीही जखम भरत नसली तर लगेच या म्हणाल्या. ते पाणी सुटलं हाच मोठा उपाय, असंही म्हणाल्या. शालनचा जीव जरा कुठं भांड्यात पडतोय, तोच त्यांनी विचारलं, “आता त्या घरात कोण राहतं?”

त्या घरात धैर्यशील राहत होता. त्याची पाच वर्षांची लेक राजनंदिनी, म्हणजे नंदू, राहत होती. आणि सून स्नेहल, तिला सहावा महिना लागला होता.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “आजच फोन करा. पोटातल्या बाळापर्यंत पोचतं ते. बाळाचं वजन भरत नाही, कधी दिवस पुरे होत नाहीत. पण पाणी ज्या दिवशी बंद होईल त्या दिवसापासून फायदा आहे. एकेक दिवस महत्त्वाचा आहे, मावशी.”

रिक्षात शालनला सुनेचं मागचं सगळं आठवलं. दोन वर्षांपूर्वी स्नेहलला दिवस गेले होते आणि चौथ्या महिन्यात सगळं संपलं होतं. तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी नीट कारण सांगितलं नाही. गल्लीतल्या कुत्र्यांची भांडणं बघून ती दचकली होती, त्याचंच निमित्त झालं, असं सगळ्यांनी मानून घेतलं. शालननंही मानलं, वर फोनवरून सुनेला दोन शब्द सुनावलेही होते. आता ते शब्द आठवून ती कानकोंडी झाली.

घरी आल्याबरोबर तिनं धैर्यशीलला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि हसला.

“आई, सगळा गाव पितोय हे पानी. गेल्या साली सरकारी मानसं आलती, वाईट चापाकलास्नी लाल रंग मारून गेली. आपल्याला कुठं लाल रंग हाय?”

“आपला घरात हाय. घरात आलती का ती तपासाय?”

रस्त्यावरचे सरकारी पंप तेवढे तपासले होते, खासगी पंपांना कुणी हात लावला नव्हता. रंग नाही म्हणजे पाणी चांगलं, असं सगळ्या गावानं धरलं होतं.

“बरं,” शेवटी तो म्हणाला. “उद्यापासनं जारचं पानी लावतो. लगीनसराई सरली की आपलं पानी पाटण्याला तपासाय धाडतो. पन एक ऐक. स्नेहलला ह्यातलं काय बी सांगायचं न्हाय. मागल्या बारीला काय झालं म्हाईत हाय नव्हं? तिला जरा बी भ्या घालायचं न्हाय असं डॉक्टर म्हनलाय. तुला माजी शप्पत हाय.”

शालननं आकारामकडं पाहिलं. त्यानं मान हलवली, मुलाचं बरोबर आहे अशा अर्थानं. खरं तर त्याला सुनेच्या भीतीची काळजी नव्हती. तो पंप त्यानं स्वतः बसवला होता, पाहुण्यारावळ्यांना हौसेनं त्याचं पाणी पाजलं होतं, आणि त्या पंपाबद्दल सून काय म्हणेल हे त्याला ऐकायचं नव्हतं. शालनला हे कळत होतं. तरी तिनं शप्पत मानली. मुलाची शप्पत मोडायचं धाडस तिच्यात नव्हतं.

मग एकच उपाय उरला, स्नेहलला कोल्हापूरला आणायचं. पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं, हे सासरी करू, लवकर ये, थंड हवेत राहशील, अशी लाडीगोडी शालननं लावली. स्नेहल आनंदानं हो म्हणाली. पण लग्नसराईत गाडीचं तिकीट मिळेना. जे मिळालं ते महिन्यानंतरचं, तेही गलाईतलेच गुंडूतात्या आणि त्यांची बायको गावी येणार होते म्हणून त्यांच्या सोबतीनं.

तो महिना शालननं कसा काढला हे तिचं तिलाच ठाऊक. रोज संध्याकाळी ती सुनेला फोन करायची. रोज ठरवायची की आज सांगून टाकायचं, आणि रोज शप्पत आडवी यायची. बोलता बोलता पलीकडून पंपाचा दांडा खटखट वाजला की ती बोलणं सोडून ते ठोके मोजायची. मोलकरीण भांड्यांसाठी पाणी काढत असेल, असं ती मनाला सांगायची. नृसिंहवाडीच्या दत्ताला तिनं नवस बोलला, अंबाबाईला ओटी बोलली. देवांना सगळं सांगून झालं होतं, जिला सांगायला हवं तीच राहिली होती.

एके दिवशी तिनं आडून विचारलं, “जारचं पानी पितीस न्हवं गं?”

“ते व्हय? ते पावण्यास्नी देतो आमी,” स्नेहल म्हणाली. ती सासूला आत्ती म्हणायची. “कुठल्या टाकीतनं भरत्यात कुनाला म्हाईत, आत्ती. मी आनि नंदू आपलंच पितो, चांगलं उकळून गार करून. तुमीच शिकवलंय की. नंदूला कावीळ झालती तवा तुमी म्हनला हुता, ईस मिंटं उकळल्याबिगर पोरीच्या तोंडाला लावायचं न्हाय म्हनून. अजून तसंच करतो.”

शालनला हायसं वाटलं. उकळल्यावर सगळे रोग मरतात, मग सोमलाची काय कथा. दुसऱ्या दिवशी छातीचा फोटो दाखवायला ती दवाखान्यात गेली, तेव्हा तिनं सहज ही गोष्ट सांगितली. आपल्या सुनेचं कौतुक होईल असं तिला वाटलं होतं.

डॉक्टर इरावतींचा चेहरा उतरला. “जंतू मरतात, मावशी. सोमल म्हणजे जंतू नव्हे. पाणी उकळलं की वाफ होऊन पाणी कमी होतं, सोमल तेवढाच राहतो. ते पाणी जास्त वाईट होतं.” मग एकदम त्यांना शंका आली. “तुम्ही सुनेला सांगितलंय ना?”

“व्हय,” शालन म्हणाली. खोटं तिच्या तोंडून इतक्या सहज गेलं की तिचीच तिला भीती वाटली.

त्या संध्याकाळी तिनं सुनेला जारचंच पाणी पी म्हणून नाना परीनं विनवलं. गरोदरपणात तेच चांगलं असतं, पचायला हलकं असतं, असं काहीबाही जोडून सांगितलं. स्नेहलला त्यातलं अक्षरही पटलं नसावं, पण सासूचं मन राखायला ती “बरं, आत्ती” म्हणाली. शालननं ते “बरं” घट्ट धरून ठेवलं. ते खरं आहे की नाही, हे परत विचारायची तिची छाती झाली नाही.

गाडी कोल्हापूरला आली ती दुपारी, दोन तास उशिरानं. गुंडूतात्यांनी पिशव्या खाली दिल्या, मग राजनंदिनी उतरली, मग पोट सांभाळत स्नेहल. चेहरा प्रवासानं सुकलेला, पण सासू-सासऱ्यांना बघून हसली. वाकून नमस्कार करायला लागली, तसं शालननं तिला वरच्या वर धरलं आणि छातीशी घेतलं. पोहोचली, सुटली, असं ती मनाशी म्हणत होती. तिला रडू येत होतं.

आकारामनं खाली ठेवलेला प्लास्टिकचा कॅन उचलला. त्यात तळाशी थोडं पाणी हलत होतं.

“ह्यात काय?” शालननं विचारलं.

“पानी,” स्नेहल म्हणाली. “गाडीतलं नगं म्हनून घरनंच घेतलं. दोन कॅन हुतं, एक वाटंतच सपला. चांगलं उकळून गार केलंय, आत्ती. दुसरं पानी नंदूला पिऊ दिलंच न्हाय मी.”

राजनंदिनीनं गळ्यातली गुलाबी बाटली तोंडाला लावली होती. शालननं ती हिसकावली. पोर भोकाड पसरून रडायला लागली. फलाटावरचे दोघं-तिघं वळून बघू लागले.

“काय झालं, आत्ती?”

“काय न्हाय, काय न्हाय,” आकाराम घाईघाईनं म्हणाला. “परवासाचं पानी शिळं झालं आसंल म्हनून. घरी चल, घरी गेल्यावर—”

“इख हाय त्यात,” शालन म्हणाली.

बोलून झाल्यावर तिला वाटलं, आता सून कोसळेल. कोसळली नाही. ती बाकावर बसली आणि शालनकडं बघत राहिली. मग शालननं सगळं सांगितलं, अडखळत, मागचं पुढं करत. सोमल, चापाकल, आपले हातपाय, उकळलेलं पाणी. दोन वर्षांपूर्वीचं तेवढं सांगितलं नाही. पण सांगताना मध्येच स्नेहलचा हात पोटावर गेला आणि तिथंच थांबला, तेव्हा शालनला कळलं की ते तिचं तिनंच जोडलं आहे.

“तुमाला कवा कळलं?” स्नेहलनं विचारलं.

शालन हातातल्या गुलाबी बाटलीचं झाकण फिरवत राहिली. आकारामनं मान दुसरीकडं वळवली.

“आत्ती, मी इचारतोय.”

“म्हैना झाला.”

“म्हैनाभर रोज बोलत हुता की माज्यासंगं.”

“तुला भ्या बसंल म्हनून गं. धैर्यानं शप्पत घातलती.”

“मला भ्या बसंल म्हनून,” स्नेहल एवढंच म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. लग्न होऊन आल्यापासून ती सासू-सासऱ्यांपुढं कधी चढ्या आवाजात बोललीच नव्हती. चढली असती तर बरं झालं असतं, असं शालनला वाटून गेलं.

धैर्यशीलचा फोन वाजत होता, पोचलात का विचारायला. स्नेहलनं तो उचलला नाही. ती उठली, पोरीचे डोळे पदरानं पुसले आणि आकारामला म्हणाली, “मामा, रिक्षा बगा. पयलं त्या डॉक्टरकडं जायचं.”

“अगं, जेवून तरी—”

“पयलं डॉक्टरकडं.”

दवाखान्यात गर्दी नव्हती. स्नेहलचं नाव पुकारलं, तशी ती राजनंदिनीचा हात धरून उठली. शालनही उठली. इतका वेळ तिला एकच भीती होती, त्या पाण्याची. आता तिला डॉक्टरांची भीती वाटत होती, सुनेला सांगितलंय असं ती त्यांना म्हणाली होती. आणि त्याहून जास्त भीती वाटत होती ती या मुकाट पोरीची, जी आत जाऊन विचारील की महिनाभर आधी कळलं असतं तर काय झालं असतं.

“मी बी येतो,” शालन म्हणाली. “मला म्हाईत हाय सगळं, मी सांगतो त्यास्नी.”

“नगो,” स्नेहल म्हणाली. “माजं मी इचारतो. तुमी भाईर बसा.”

तिनं पोरीला आत घेतलं आणि दाराची कडी आतून लावली.